अर्धशिशीवरील औषधे: एका मुद्रितशोधिकेची पारख

मी कोल्हापुरात शाहूपुरीतील एका छापखान्यासाठी मुद्रितशोधन करते. दिवसाचे सात-आठ तास अक्षरांवर नजर ठेवणे हे माझे काम, आणि अर्धशिशी नेमका या नजरेवरच घाला घालते. पहिला झटका आला तेव्हा मी २४ वर्षांची होते. एका दिवाळी अंकाची शेवटची मुद्रिते तपासत असताना ‘अनुक्रमणिका’ या शब्दातील मधली अक्षरे दिसेनाशी झाली. ‘अनु’ दिसत होते, ‘णिका’ दिसत होते आणि मध्ये चमचमत्या, करवतीसारख्या कडांचे एक भोक होते. मी कागद हलवला, चष्मा पुसला, दिव्याची दिशा बदलली. वीसेक मिनिटांत ते भोक कडेकडे सरकत नाहीसे झाले आणि उजव्या भुवईवर ठणका सुरू झाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला नाही. त्यानंतरच्या १९ वर्षांत जी औषधे मी स्वतः घेतली, जी घरातल्या माणसांनी घेतलेली जवळून पाहिली आणि ज्यांच्याविषयी डॉक्टरांना विचारून व वाचून समजून घेतले, त्यांची तुलना येथे करते आहे. मी डॉक्टर नाही. कोणाला कोणते औषध चालेल हे तपासणीनंतरच ठरते, आणि यातील जवळजवळ प्रत्येक औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये असेच आहे.

औषधांची बाजारातील नावे मी मुद्दाम टाळली आहेत. एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. पट्टीवर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीचे नाव आणि खरे औषध असते खालच्या बारीक ओळीत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य घालवूनही ती ओळ वाचायला मला सहा वर्षे लागली, आणि त्याची किंमत मोठी होती.

त्या सहा वर्षांत घराजवळच्या एका औषध दुकानातून मी अर्धशिशीची ‘नेहमीची’ गोळी आणत असे. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही कधी दाखवली नाही. एका गोळीत पाऊण तासात ठणका बसत असे, म्हणून ती मला अमृतासारखी वाटे. पुढे एक गोळी पुरेना, मग दोन लागू लागल्या, आणि नंतर सकाळी उठल्याबरोबर डोके जड वाटले की चहाच्या आधी गोळी, असा क्रम पडला. एका संध्याकाळी हाताची बोटे गार व बधिर झाली, तेव्हा मी भिंगाखाली ती पट्टी वाचली: एर्गोटामाइन टार्ट्रेट १ मिलिग्रॅम, कॅफिन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, प्रोक्लोरपेराझिन २.५ मिलिग्रॅम. एका गोळीत चार औषधे होती आणि मी समजत होते की आपण डोकेदुखीची एक साधी गोळी घेतो.

यातील एर्गोटामाइन हे राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून मिळते. ते १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले आणि अनेक दशके अर्धशिशीवर नेमका उपाय म्हणून तेच होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, पण केवळ डोक्यातल्या नव्हे. माझी बोटे गार पडली ती त्यामुळे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर ते घ्यायचेच नाही, आणि एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी साधी वाटणारी प्रतिजैविके सोबत घेतली तर त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढते. ट्रिप्टान वर्गाचे औषध (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या या औषधांविषयी पुढे येईल) आणि हे यांच्यात २४ तासांचे अंतर ठेवावे लागते. इतक्या अटींची गोळी खोकल्याच्या चघळगोळीप्रमाणे मागेल त्याला मिळते, याचे मला आजही फार वाईट वाटते. अधिक चांगली औषधे उपलब्ध असताना या मिश्र गोळीने सुरुवात करण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

राजारामपुरीतील ज्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी अखेर गेले, त्यांनी औषध लिहून देण्याआधी एक वही घालायला सांगितली: दुखण्याचे दिवस एका रकान्यात, गोळीचे दिवस दुसऱ्या रकान्यात. महिनाअखेरीस दुसऱ्या रकान्यात १९ खुणा होत्या. अर्धशिशीचे औषध अति झाले की तेच डोकेदुखी निर्माण करते, हे तेव्हा मला प्रथम कळले. साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत महिन्याला १५ दिवस, आणि एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्यांच्या बाबतीत महिन्याला १० दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले तर या प्रकाराची शंका घेतात. माझी ती गोळी बंद करण्यात आली. पहिले दहा-बारा दिवस मी खोलीचे पडदे लावून, ओकारीसाठी बादली शेजारी ठेवून काढले, आणि तिसऱ्या आठवड्यात कित्येक महिन्यांनंतर प्रथमच सकाळी डोके हलके घेऊन उठले. तेव्हापासून कोणत्याही औषधाविषयी मी दोन प्रश्न एकत्र विचारते: ते दुखणे किती थांबवते, आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडून काय घेते.

झटका आल्यावर घेण्याच्या औषधांत पहिली पायरी वेदनाशामकांची. झटका सौम्य असेल आणि लवकर घेतले तर पॅरासिटामॉल चालते, पण माझ्या बाबतीत ते अपुरे पडले. नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम अधिक भरवशाचे निघाले, आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो ही त्याची जमेची बाजू. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे गोळी पोटात पडून राहते आणि रक्तात वेळेवर पोहोचत नाही. अनेकांचा ‘मला काहीच लागू पडत नाही’ हा अनुभव यातून येतो. म्हणून नॅप्रोक्सेनबरोबर डोम्पेरिडोन देतात. त्याने मळमळ थांबते आणि जठर पुढे सरकू लागते. दोन्ही एकत्र असलेली गोळीही मिळते. आम्लपित्त, जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र नॅप्रोक्सेनपासून जपावे. दमा असलेल्यांपैकी काहींना या वर्गातील गोळ्यांनी धाप लागते. मला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे डॉक्टरांनी आधी त्याविषयी नीट विचारून घेतले होते. महिन्याला तीन-चार सौम्य झटके येणाऱ्यांसाठी मी याच जोडीला पहिली पसंती देईन.

त्यापुढची पायरी ट्रिप्टानची, आणि माझ्या मते अर्धशिशीच्या रुग्णाला मिळालेली सर्वांत मोलाची देणगी तीच आहे. या वर्गातील पहिले औषध, सुमाट्रिप्टान, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले. ते सर्वसाधारण वेदनाशामक नाही. सेरोटोनिन या शरीरातील संदेशवाहक रसायनाच्या विशिष्ट ग्राहींवर काम करून ते अर्धशिशीची प्रक्रियाच अडवते. मी ५० मिलिग्रॅमची पहिली गोळी घेतली तेव्हा चाळीस मिनिटांनी मान व छाती आवळल्यासारखी झाली आणि मी घाबरले. हा परिणाम अनेकांना होतो, बहुधा निरुपद्रवी असतो आणि थोड्या वेळाने जातो. पण हृदयविकार असलेल्यांना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना ट्रिप्टान द्यायचे नाही, हा नियम त्याच कारणाने आहे. दीड तासाने मी खिडकी उघडली आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहू शकले. ते ऊन मला अजून आठवते.

सुमाट्रिप्टानची उणीव अशी की ते शरीरातून लवकर निघून जाते. त्याचे प्रमाण दोन तासांत निम्मे होते, म्हणून सकाळी गेलेला झटका संध्याकाळी परत येण्याचा अनुभव मला अनेकदा आला. यावर सुमाट्रिप्टान व नॅप्रोक्सेन एकदम घेण्याचा उपाय डॉक्टरांनी सुचवला, आणि दोन्हीपैकी कोणत्याही एका गोळीपेक्षा ही जोडी मला निश्चित सरस वाटली. नंतर मी रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम वापरले. ते थोडे लवकर लागू पडते आणि त्याने माझी छाती आवळत नाही. त्याची जिभेवर विरघळणारी गोळीही येते. ती तोंडातूनच रक्तात शिरते असा समज आहे, पण तो खरा नाही. ती विरघळते तोंडात, शोषली जाते आतड्यातच. तिचा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही, की एस.टी.त पाणी नसताना किंवा पाण्याच्या घोटानेही उलटी होईल अशा वेळी ती घेता येते. उलट्या फारच असतील त्यांच्यासाठी नाकात मारायचा फवारा आणि त्वचेखालील इंजेक्शन असेही प्रकार आहेत.

घेण्याची वेळ हा ट्रिप्टानचा प्राण आहे. ठणका वाढून डोके फुटायची वेळ आल्यावर घेतलेली गोळी निम्मी वाया जाते. पण माझ्यासारखे ज्यांना आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसतात, त्यांनी रेषा दिसताच गोळी घेऊनही उपयोग नसतो; दुखणे सुरू होत असतानाच ती घ्यायची. ती वीस मिनिटे मी मुद्रित बाजूला ठेवून, डोळे मिटून, हातात गोळी धरून बसते. तरीही अपेक्षा वास्तव ठेवावी. मध्यम ते तीव्र झटक्यात सुमाट्रिप्टान १०० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी साधारण तिघांत एकालाच दोन तासांत पूर्ण आराम पडतो, असे चाचण्यांत दिसले आहे. एक ट्रिप्टान लागू पडले नाही म्हणून दुसरेही पडणार नाही, असे मात्र नसते.

अलीकडे रिमेजेपँट ७५ मिलिग्रॅम या नव्या गोळीची चर्चा ऐकू येते. ती रक्तवाहिन्या आकुंचित करत नाही, म्हणून ट्रिप्टान ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ती महत्त्वाची आहे. पण नवे म्हणजे अधिक गुणकारी असे समजू नये. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १३७ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला, त्यात एलेट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, सुमाट्रिप्टान आणि झोल्मिट्रिप्टान ही जुनी औषधेच झटका थांबवण्यात या महागड्या नव्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली.

आता प्रतिबंधाच्या औषधांकडे वळते. महिन्याला चार किंवा अधिक दिवस दुखत असेल, किंवा झटके कमी असले तरी माणसाला पार आडवे करत असतील, तर रोज घ्यायच्या औषधाचा विचार करतात. ही औषधे दोन-तीन महिने पूर्ण मात्रेत घेतल्याशिवाय त्यांचा निकाल लावायचा नसतो, आणि दुखण्याचे दिवस निम्मे झाले तर औषध यशस्वी मानतात. दिवस शून्यावर येतील असे वचन कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गंमत अशी की यातील जुनी औषधे मुळात अर्धशिशीसाठी निघालेलीच नाहीत.

मला पहिले दिले गेले ते फ्लुनारिझिन, रात्री एक गोळी. आपल्याकडे ते सर्रास देतात. अमेरिकेत त्याला मान्यताच नाही. माझे दुखण्याचे दिवस नऊवरून सहावर आले, पण चार महिन्यांत वजन पाच किलोंनी वाढले आणि मन असे खचले की नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाण्याचीही इच्छा होईना. हा औषधाचा परिणाम असू शकतो हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्यांनी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि वयस्कांनी कंपवातासारख्या लक्षणांकडे लक्ष ठेवावे.

प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे औषध. १९६० च्या दशकात छातीत दुखते म्हणून ते दिलेल्या एका रुग्णाची अर्धशिशीही कमी झाली, आणि त्यातून त्याचा हा उपयोग लक्षात आला. पुरावा भक्कम, किंमत अगदी कमी. दम्यामुळे मला ते वर्ज्य होते, पण माझ्या धाकट्या दिरांना ४० मिलिग्रॅम दोन वेळा या मात्रेने उत्तम गुण आला. अडचण वेगळीच निघाली. ते पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतात, आणि हे औषध नाडीची गती वाढू देत नाही. शाहू स्टेडियमवर पहिल्या पंधरा मिनिटांतच त्यांचे पाय जड होऊ लागले. डॉक्टरांनी त्यांना कॅन्डेसार्टन या रक्तदाबाच्या गोळीवर नेले आणि दोन्ही गोष्टी साधल्या. आणखी एक खबरदारी त्यांच्यामुळेच कळली: प्रोप्रॅनोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टानचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून त्याची मात्रा निम्मी, म्हणजे ५ मिलिग्रॅम, घ्यायची असते. दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

टोपिरामेट या मुळात अपस्मारावरच्या औषधाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण दिवसांचा हिशेब पाहिला तर माझ्यासाठी तेच सर्वांत प्रभावी ठरले. २५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत १०० पर्यंत गेले. दुखण्याचे दिवस नऊवरून चारवर आले. वजनही उतरले. बोटांना मुंग्या येत आणि सोड्याची चव पांचट लागे, ते मी सहन केले. पण तिसऱ्या महिन्यात एका दुपारी छापखान्यातील नव्या मुलाला मी एक चूक समजावून देत होते. ‘नीती’ हा शब्द ऱ्हस्व छापला गेला होता. मी त्या अक्षरावर पेन्सिल टेकवली आणि डोक्यावरच्या त्या चिन्हाला काय म्हणतात ते मला सांगता येईना. वेलांटी हा शब्द, जो मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारते, कोठेच सापडेना. मुलगा वाट पाहत उभा राहिला. शब्द हरवणे हा या औषधाचा सुपरिचित दुष्परिणाम आहे आणि औषध थांबवल्यावर तो जातो, माझाही गेला. ज्यांचे काम शब्दांवर चालत नाही त्यांनी हे औषध जरूर करून पाहावे, फक्त पाणी भरपूर प्यावे, कारण त्याने मूतखडा होऊ शकतो. मला ते सोडावे लागले.

स्त्रियांसाठी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगते. टोपिरामेट आणि त्याहूनही अधिक सोडियम व्हॅल्प्रोएट ही औषधे गर्भाला अपाय करतात. माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा तिला व्हॅल्प्रोएट चालू होते आणि मूल होण्याचा विषय तिच्याशी कोणी काढलाच नव्हता. मी चिठ्ठी वाचली म्हणून वेळेत बदल झाला. तसेच, डोळ्यांपुढे रेषा येणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आपणहून सांगावे.

सध्या मी ॲमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम घेते. हे नैराश्यावरचे जुने औषध, अर्धशिशीसाठी फार लहान मात्रेत देतात. तोंडाला कोरड पडते आणि सुरुवातीला सकाळी झापड येत असे; गोळी निजताना न घेता रात्री साडेआठला घेऊ लागल्यावर ती तक्रार गेली. दुखण्याचे दिवस पाचवर स्थिरावले आहेत. टोपिरामेटपेक्षा एक दिवस जास्त, पण शब्द माझ्याजवळ आहेत, आणि हा व्यवहार मला मान्य आहे.

सर्वांत नवी ती दरमहा घ्यायची इंजेक्शने. झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचे एक रेणुद्रव्य वाढते, ते अडवणारी ही प्रतिपिंडे आहेत. त्यामागच्या संशोधनाबद्दल चार शास्त्रज्ञांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले. एरेनुमॅबला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. केवळ अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी घडवलेले ते पहिले औषध होय. जर्मनीत एरेनुमॅब व टोपिरामेट यांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे टोपिरामेट गटात सुमारे ३९ टक्के होते, एरेनुमॅब गटात सुमारे ११ टक्के. ती ३९ टक्क्यांची ओळ वाचली तेव्हा माझा पेन्सिल टेकवलेला हात मला आठवला. गडहिंग्लजची माझी मावसबहीण हे इंजेक्शन घेते. कोल्हापुरात ते आधी सांगून मागवावे लागते, आणि २ ते ८ अंश तापमानात राहावे म्हणून ती बर्फाच्या डब्यातून, मांडीवर धरून, एस.टी.ने घरी नेते. तिला बद्धकोष्ठतेखेरीज त्रास नाही आणि महिन्याचे बारा दिवस तीनवर आले आहेत. पण खर्च दरमहा हजारांच्या घरात जातो, तर माझ्या गोळ्यांचा खर्च किराणाच्या यादीत लपून जाईल इतका आहे. परवडत असते तर मी आज तेच निवडले असते. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस दुखणाऱ्यांसाठी दर १२ आठवड्यांनी डोके-मानेत ३१ ठिकाणी टोचायचे बोटुलिनम विषाचे उपचारही आहेत; ते आमच्यापैकी कोणी घेतलेले नाहीत, म्हणून त्यावर मत देत नाही.

सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा उपाय आमच्या आजींनी मला वर्षभर करायला लावला होता. त्याने झटके थांबले नाहीत, पण पहाटे उठणे आणि रिकाम्या पोटी न राहणे या दोन गोष्टींनी ते थोडे विरळ झाले, असे आता मागे वळून पाहताना वाटते. कोणत्याही गोळीबरोबर झोपेची व जेवणाची वेळ सांभाळावीच लागते. विसर्जन मिरवणुकीतील प्रखर प्रकाशझोतांपासून मी दूरच राहते. आणि आयुष्यात कधी नव्हे इतके दुखणे एकाएकी उठले, सोबत ताप, मान ताठरणे किंवा हातापायात अशक्तपणा आला, तर यातील कोणतीही गोळी शोधत न बसता सरळ सीपीआर (कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

रिझाट्रिप्टानची पट्टी माझ्या मेजाच्या डाव्या खणात असते. प्रत्येक गोळी काढली की रिकाम्या झालेल्या घराशेजारी मी बॉलपेनने तारीख लिहिते, म्हणजे वही विसरली तरी हिशेब चुकत नाही. गेल्या दिवाळी अंकांच्या हंगामात, संबंध ऑक्टोबर महिन्यात, त्या पट्टीवर चार तारखा पडल्या.